मदत हवी आहे: सीपी, वय १३, लोकोमॅटसाठी आत्ता जावं की थांबावं?

नमस्कार मंडळी,

माझ्या मुलाला सीपी, म्हणजे सेरेब्रल पाल्सी आहे (स्पास्टिक डायप्लेजिया, म्हणजे मुख्यतः दोन्ही पायांचे स्नायू ताठ; हालचाल किती जमते ते सांगणाऱ्या जीएमएफसीएस श्रेणीत लेव्हल ३). घरात, शाळेत वॉकरवर चालतो, लांब जायचं तर व्हीलचेअर. गेल्या वर्षभरात उंची भराभर वाढली आणि गुडघे पुन्हा वाकायला लागले. हाडं वाढतात त्या वेगाने स्नायू लांबत नाहीत, म्हणून हॅमस्ट्रिंग (मांडीच्या मागचे स्नायू) ताठ झालेत, असं आमच्या फिजिओताई म्हणतात. पूर्वी शाळेच्या फाटकापासून वर्गापर्यंत एका दमात जायचा, आता मध्ये दोनदा टेकतो. बुटांची टोकं महिन्याभरात घासून पांढरी होतात.

डॉक्टरांनी लोकोमॅट (चालण्याचा सराव करून घेणारं रोबोट-यंत्र) सुचवलंय. मुंबईत एकदा ट्रायल झाली. वरून हार्नेसने वजन थोडं उचलून धरतात, खाली ट्रेडमिल आणि पायांना बांधलेले यांत्रिक पाय खुबा-गुडघा हलवतात. समोरच्या आरशात बघून पोरगा म्हणाला, "आई, मी उंच आहे!" तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

अडचण मापाची आहे. लहान मुलांचे यांत्रिक पाय २१ ते ३५ सेंमी लांबीच्या मांडीसाठी, मोठ्यांचे ३५ ते ४७ साठी. याची मांडी भरली ३४. आम्ही साताऱ्याचे. पुण्यात चौकशी केली त्या केंद्रात फक्त मोठ्यांचे आहेत. म्हणजे एका सेंटीमीटरसाठी एकतर मे महिन्यात मुंबईत खोली घेऊन राहायचं, नाहीतर तो वाढेपर्यंत थांबायचं. पण वाढेल तसे गुडघे आणखी आखडले तर? जास्त आखडलेल्या सांध्यांना हे यंत्र चालत नाही, असं ट्रायललाच सांगितलं होतं. एका ठिकाणी तर न तपासताच तीस सेशनचे पैसे आधी भरा म्हणाले, तिथून परत आलो.

साध्या फिजिओपेक्षा रोबोट सरसच ठरतो असा ठोस पुरावा नाही, हे वाचलंय. रोजचं स्ट्रेचिंग, स्प्लिंट काही बंद करणार नाही. पण एका सेशनमध्ये जितकी पावलं पडतात तितकी घरी माझ्याच्याने होत नाहीत.

ज्यांच्या मुलांनी १२ ते १६ वयात हे केलंय त्यांनी कृपया सांगा: सेशन संपल्यावर सहा महिन्यांनी फरक टिकला का? आधी बोटॉक्स (ताठ स्नायू सैल करणारं इंजेक्शन) घेतलं होतं का? लहान मापावरून मोठ्या मापावर जाताना काही त्रास झाला? आणि निरामय विम्यात (अपंगत्व असलेल्यांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, वर्षाला १ लाखापर्यंत) अशा थेरपीचं बिल कुणाला मिळालंय का?

परीक्षा एप्रिलमध्ये संपते. खोली त्याआधी बघावी लागेल.