लेझर लिंक आपोआप सुरक्षित असते, हे कुणी सांगितलं?

गच्चीवरचा
काल इथे एकाने सल्ला दिला: ‘दोन इमारतींमध्ये लेझर लिंक टाका, म्हणजे तारेऐवजी हवेतून लेझरच्या किरणाने डेटा पाठवा. किरण सुईसारखा असतो, मध्ये कुणी ऐकूच शकत नाही, एन्क्रिप्शनचा (डेटा सांकेतिक करून पाठवण्याचा) खर्च वाचवा.’ खाली सगळ्यांची सहमती. सतरा वर्षं गच्च्यांवर हेच काम करतोय, राहवलं नाही.

सुई वगैरे काही नसते. १ मिलिरेडियन (कोनाचं छोटं माप) पसरणारा किरण १ किलोमीटरवर मीटरभर रुंद होतो. पलीकडच्या रिसीव्हरचं भिंग २० सेंटिमीटरचं धरलं तर ढोबळ हिशेबाने पंचविसावा हिस्सा प्रकाश त्यात जातो. बाकीचा मागच्या भिंतीवर, आणि भिंत नसेल तर थेट मागच्या इमारतीवर. तिथल्या खिडकीत कुणी बरी दुर्बीण आणि डिटेक्टर लावून बसलं तर तुमच्या पॉवर रीडिंगमध्ये (रिसीव्हरला मिळालेल्या प्रकाशाच्या मोजमापात) काडीचा फरक पडत नाही, कारण तुमच्या वाटणीचा प्रकाश त्याने घेतलेलाच नाही. आणि लिंकचा १५५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, मोबाइलच्या कॅमेऱ्यालाही नाही.

उपाय महाग नाहीत. रिसीव्हर कठड्यावर मिरवू नका, पाण्याच्या टाकीच्या भिंतीपुढे बसवा. मागे काळा मॅट पत्रा लावा. ऑटो ट्रॅकिंग (किरणाचा नेम आपोआप धरून ठेवणारी सोय) असेल तर किरणाची पसरण कमी करा. आणि दोन्ही टोकांना एन्क्रिप्शन हवंच.

फोटॉनप्रेमी
उगाच घाबरवताय. रेडिओ लिंक अख्ख्या गल्लीला ऐकू जाते, त्यापेक्षा हे शंभर पटीने बरं. २०२१ मध्ये ‘तारा’वाल्यांनी (गूगलच्या मूळ कंपनीचा लेझर लिंकचा प्रकल्प) काँगो नदीवरून ब्राझाव्हिल आणि किन्शासा जोडलं, ४.८ किलोमीटर, २० दिवसांत ७०० टेराबाइट. नदीत होडी लावून कोण दुर्बीण धरणार होतं? आणि मध्ये काच घालून कुणी प्रकाश चोरलाच तर पॉवर पडते, अलार्म वाजतो. मी दहा लिंक चालवतो, आजवर एक केस नाही.

गच्चीवरचा
होडीची गरजच नाही. धोका रिसीव्हरच्या पाठीमागे असतो आणि नदीपलीकडे शहर आहे. अलार्मचं म्हणाल तर मे महिन्यात दुपारी दोन वाजता तापलेल्या पत्र्यांवरून जाणाऱ्या लिंकचा ग्राफ बघा. हवेच्या लहरींनी पॉवर इतकी नाचते की दोन-चार टक्के चोरी त्यात सहज लपेल. ‘एक केस नाही’ म्हणजे सापडलेली नाही.

क्यूबिट
दोघेही जुन्या जमान्यात आहात. क्वांटम की, म्हणजे प्रकाशाच्या सुट्या कणांतून पाठवलेली एन्क्रिप्शनची किल्ली, वापरा, विषय संपला. इस्रोने मार्च २०२१ मध्ये अहमदाबादला ३०० मीटरवर हवेतून करून दाखवलंय. मधे कुणी डोकावलं की चुका वाढतात आणि लगेच कळतं.

गच्चीवरचा
त्या प्रयोगाचा मलाही अभिमान आहे. पण तो रात्री केला होता, सूर्यप्रकाशाचा त्रास नको म्हणून. माझ्या गिऱ्हाइकाचा दवाखाना दिवसा चालतो. आणि क्वांटम किल्लीने गच्चीचं दार बंद होत नाही.

सेक्रेटरी बी विंग
गच्चीचा विषय निघालाच आहे तर ऐका. तुम्ही लोक येता, मास्टसाठी (यंत्राच्या खांबासाठी) स्लॅबला भोकं पाडता, वॉटरप्रूफिंगची वाट लावता. आमच्या वरच्या मजल्यावर तीन पावसाळे बादल्या लागतायत. ठेकेदार फोन उचलत नाही. आधी ती भोकं बुजवा, मग किरणांचं बोला.

फोटॉनप्रेमी
काका, भोकं सोलरवाल्यांनी पाडली असतील. आम्ही काँक्रीटचे ठोकळे ठेवतो.

सेक्रेटरी बी विंग
ठोकळ्यांनी पाणी तुंबतं! आणि ‘काका’ कुणाला म्हणता? तीस वर्षं सोसायटी सांभाळतोय. भाडं महिन्याला चार आकडी देता आणि गच्ची बापाची समजता.

क्यूबिट
गळतीसाठी वेगळा धागा काढा ना.

गच्चीवरचा
थांबा, सेक्रेटरींचा राग रास्त आहे आणि विषयाला धरूनच आहे. एक प्रसंग सांगतो. हॉस्पिटलच्या दोन इमारती, मध्ये लेझर. एक दिवस लिंक धीमी झाली म्हणून वर गेलो. लेझरच्या यंत्राची केबल ज्यातून खाली जाते त्या राखाडी डब्याच्या झाकणाला चारपैकी दोनच स्क्रू. उघडलं तर आमची केबल कापून मध्ये पाच पोर्टचा स्वस्त स्विच (केबलला फाटे फोडणारं नेटवर्कचं यंत्र) बसवलेला, त्यातून एक पिवळी पॅच कॉर्ड टाकीमागे गेलेली. सीसीटीव्हीवाल्याने सोयीसाठी जोडून ठेवलं होतं. त्याचा हेतू वाईट नव्हता. पण रुग्णांचे रिपोर्ट त्या स्विचमधून उघडे जात होते आणि तीन महिने कुणाला पत्ता नव्हता. एन्क्रिप्शन होतं, पण लेझरच्या यंत्रात. डब्यातल्या केबलवर सगळं एन्क्रिप्शनविनाच. दाराची किल्ली वॉचमनच्या केबिनमध्ये खिळ्याला. त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण तो डबा मीच बसवला होता.

आणि दुसरी गोष्ट, जी कुणीच बोलत नाही: दाट धुक्यात, मुसळधार पावसात लेझर बंद पडलं की डेटाचा ट्रॅफिक आपोआप बॅकअप रेडिओवर (जोडीला ठेवलेल्या राखीव रेडिओ लिंकवर) जातो. मग किरण ऐकायची गरजच काय? बांबूला चादर बांधून किरणापुढे धरा, लिंक स्वतःहून रेडिओवर येईल. तुमच्या दहा ठिकाणी बॅकअपला पासवर्ड कुठला आहे?

फोटॉनप्रेमी
तुमचा सूर मला आवडलेला नाही आणि मागच्या खिडकीतल्या दुर्बिणीचं अजूनही पटलेलं नाही. पण सकाळी तपासलं. तीन रेडिओंवर कंपनीतून आलेला मूळ पासवर्डच होता. बदलले. लेझर बंद पडल्याचा मेसेजही आता थेट फोनवर येतो, आधी फक्त लॉगमध्ये जायचा. एवढं मान्य.

क्यूबिट
चादरीपुढे क्वांटमही थांबतं, हे खरं. बाकी माझं मत कायम.

सेक्रेटरी बी विंग
आज गच्चीच्या किल्ल्या मोजल्या. टाकी धुणारा, केबलवाला, सोलरवाला, लिफ्टवाला, तुमच्यासारखे दोन, शिवाय वॉचमनकडची. सात झाल्या. कुलूपवाला म्हणतो, त्याने नऊ करून दिल्यात. उद्या कुलूप बदलतोय. भोकांचं मात्र अजून कुणी उत्तर दिलेलं नाही.