घरात सगळ्यांनी मिळून वाचता येतील अशी मराठी पुस्तके सुचवा

मुलुंडवासी:

नमस्कार. आमच्या घरात मी, माझे यजमान, सासूबाई, चौथीत शिकणारी मुलगी आणि सिनियर केजीतला मुलगा अशी पाच माणसे आहेत. रात्रीची जेवणे आटोपल्यावर टीव्ही बंद करून आणि मोबाइल बाजूला ठेवून अर्धा-पाऊण तास सगळ्यांनी मिळून काहीतरी वाचावे, असे आम्ही ठरवले आहे. मात्र काय वाचावे यावर गाडी अडली आहे. मुले इंग्रजी माध्यमात शिकतात. मराठी ती अस्खलित बोलतात, पण छापील मराठीशी त्यांचा संबंध शाळेच्या पाठ्यपुस्तकापुरताच येतो. मुलगी 'तुझ्याजवळच्या' किंवा 'उद्ध्वस्त' अशा शब्दापाशी आली की अडखळते, ओळीखालून फिरणारे बोट तिथेच थांबते आणि पुढच्या परिच्छेदाला पुस्तक मुकाट्याने माझ्या हातात येते.

नातलगांनी वाढदिवसांना दिलेली पुस्तके घरात आहेत, पण ती बहुतेक तात्पर्याची आहेत. तात्पर्य जवळ आल्याचा वास मुलांना आधीच लागतो आणि ती उठून जातात. खरे सांगायचे तर त्यांच्या मागोमाग उठावेसे मलाही वाटते. सासूबाईंना डोळ्यांच्या त्रासामुळे वाचता येत नाही, ऐकायला मात्र फार आवडते. यजमानांना रहस्यकथांचा नाद आहे. मुले झोपल्यावर मला स्वतःसाठी काही वाचायला मिळाले तर हवेच आहे. एका बेडरूमच्या घरात पुस्तकांना जागा किती असणार, हे मुंबईकरांना वेगळे सांगायला नको, म्हणून मोजकीच नावे सांगावीत आणि ती शक्यतो तुमच्या घरात वाचून झालेली असावीत.

निवृत्त ग्रंथपाल, गिरगाव:

ताई, तुमच्या गरजेचे पुस्तक हे डोळ्यांसाठी नव्हे तर कानांसाठी निवडायचे आहे, हे आधी ध्यानात घ्या. ग्रंथालयात मी पालकांना एकच सांगत असे की, पुस्तक मधेच कुठेही उघडून एक पान मोठ्याने वाचून पाहा. वाचताना तुम्हाला स्वतःला मजा आली तरच ते घरी न्या. वाचणारा रंगला की ऐकणारे बसतात, आणि वाचणारा कर्तव्य म्हणून वाचू लागला की चार वर्षांच्या पोरालाही ते कळते.

या कसोटीला चिं. वि. जोशी हमखास उतरतात. 'चिमणरावांचे चऱ्हाट' घ्या. भिडस्त चिमणराव, धिप्पाड आणि कशालाही न डरणारा गुंड्याभाऊ, कावेरी, मोरू आणि मैना या मंडळींच्या फजित्या बऱ्याच जुन्या काळातल्या असल्या तरी फजिती ही शिळी होणारी वस्तू नव्हे. मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी केलेली चिमणराव-गुंड्याभाऊ ही जोडी तुमच्या सासूबाईंना आठवत असेल. त्यांना मधेमधे त्याविषयी बोलू द्या. वाचन थांबले तरी बिघडत नाही.

दुसरे नाव अर्थातच 'बटाट्याची चाळ', परंतु ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सलग वाचण्याचा आग्रह धरू नका. आधी 'उपास' वाचा. वजन कमी करण्याचा निश्चय जाहीर होताच चाळीतला प्रत्येक जण आहाराविषयी जो सल्ला देऊ लागतो, तो ऐकून आज व्यायामशाळेत जाणाऱ्या मंडळींनाही घरचेच कोणी बोलल्यासारखे वाटेल. त्यानंतर पुण्याच्या सहलीचे 'भ्रमणमंडळ' घ्या. 'गच्चीसह झालीच पाहिजे' वाचण्यापूर्वी 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' ही घोषणा काय होती आणि 1960 साली काय घडले, हे मुलीला दोन मिनिटांत सांगावे लागेल, नाहीतर त्यातला निम्मा विनोद डोक्यावरून जाईल. शेवटचे 'चिंतन' मात्र मुलांना ऐकवू नका. ते मोठ्यांसाठी आहे, आणि गिरगावातल्या चाळी एकेक करून पडताना ज्याने पाहिल्या आहेत त्याला ते मोठ्याने वाचणे जडच जाते.

धाकट्यासाठी विंदा करंदीकरांच्या बालकविता आणा. 'राणीची बाग' हा संग्रह 1961 सालचा आहे. त्यातले प्राणी शहाण्यासारखे वागत नाहीत, कोणाला काही शिकवत नाहीत, आणि यमक असे नेमके पडते की दुसऱ्या वेळी शेवटचा शब्द मूलच म्हणते. कविता दोन-चार दिवस घोळवल्यावर भायखळ्याच्या राणीच्या बागेत एक फेरी मारावी. मुलांची धाव पेंग्विनकडे असेल. ते मुंबईत 2016 साली आले, त्यामुळे त्यांच्यावरची कविता मुलांनाच जुळवावी लागेल. बुधवारी बाग बंद असते.

बोरिवलीचा बाबा:

ग्रंथपालकाकांच्या कसोटीशी मी सहमत आहे, तरी चौथीतल्या मुलीसाठी चिमणराव हे पहिले पुस्तक असू नये, असे मला वाटते. त्यातली सोवळी-ओवळी, उपरणी आणि टांगे समजावून सांगता सांगता वाचणारा दमतो. आमच्या मुलाला गोडी लागली ती 'बोक्या सातबंडे'मुळे. तो मुंबईच्या घरातला, आजीचा लाडका, खोडकर पण अन्याय दिसला की गप्प न बसणारा मुलगा आहे. गोष्टी स्वतंत्र आहेत आणि एका बैठकीत एक संपते, हे दिवसभर थकलेल्या घराच्या दृष्टीने फार सोयीचे आहे. हे लिहिणारे दिलीप प्रभावळकर म्हणजे वर उल्लेख आलेले चिमणरावच, तेव्हा आजींचे कुतूहल आपोआप चाळवेल.

त्यानंतर भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे' घ्या. फुरसुंगीचा बनेश फेणे, त्याची सायकल आणि त्याचे ते 'ट्टॉक्' एवढ्यावर आमच्या घरात एक अख्खी उन्हाळी सुट्टी निघाली. 'ट्टॉक्' म्हणण्याचे काम धाकट्याकडे सोपवा. त्यासाठी तो कान देऊन बसेल. पुस्तके बरीच आहेत, पण कोणतेही आधी वाचले तरी चालते.

मला खास सुचवायचे आहे ते मात्र वेगळेच: नाटके वाचा. रत्नाकर मतकरी यांचे 'अलबत्या गलबत्या' हे बालनाट्य आणून घरातल्या पाच जणांत भूमिका वाटून घ्या. आमच्याकडे चेटकिणीची भूमिका कोणी करायची यावरून दर वेळी भांडण होते आणि ती बहुधा माझ्या आईकडे जाते. रंगभूमीवर ही चेटकीण पूर्वी प्रभावळकरांनीच गाजवली होती, त्यामुळे हा एकच माणूस तुमच्या घरात तीन वाटांनी शिरेल. नाटकाचा मोठा फायदा तुमच्या मुलीला होईल, कारण संवादांची वाक्ये लहान असतात आणि आपली पाळी कधी येते याकडे लक्ष असल्यामुळे बोट ओळीवरून निसटत नाही. जोडाक्षरासाठी थांबली तर थांबू द्या. चेटकीणसुद्धा दम खाते. पु. ल. देशपांडे यांचे 'वयं मोठं खोटम्' हेही असेच वाटून वाचता येते.

प्राथमिक शिक्षिका, परळ:

मुलगी अडखळते त्याविषयी थोडे. मूल जी भाषा सहज बोलते ती वाचताना थांबते, तेव्हा अडचण समजण्याची नसते, सरावाची असते; म्हणून तिच्या आवडीपेक्षा खालच्या पातळीचे, बाळबोध पुस्तक तिच्या हातात देणे हा उपाय मला पटत नाही, कारण नऊ वर्षांच्या मुलीला त्यात आपला अपमान दिसतो. त्याऐवजी अवघड पुस्तक तुम्ही वाचा आणि त्यातले एकाच पात्राचे बोलणे तेवढे तिला वाचायला द्या.

तिने स्वतंत्रपणे वाचण्यासाठी माधुरी पुरंदरे यांनी संपादित केलेले 'वाचू आनंदे' घ्यावे. बालगट आणि कुमारगट असे त्याचे दोन गट असून प्रत्येकाचे दोन भाग आहेत. मराठीतल्या चांगल्या लेखकांचे उतारे आणि कविता त्यात चित्रांसह दिल्या आहेत, तेव्हा एखादा उतारा आवडला तर मूळ पुस्तक शोधण्याची वाटही तिथूनच सुरू होते. बालगटापासून आरंभ करा. धाकट्याला त्यांचीच 'राधाचं घर' ही चित्रपुस्तके द्या. आई, बाबा, आजी, आजोबा घरात जसे असतात तसेच त्यात दिसतात. पसारा असतो, रुसवे असतात, आणि कोणी कोणाला सुधारायला निघालेले नसते.

जागेचा आणि खर्चाचा प्रश्न असल्यास बालभारतीचे 'किशोर' मासिक विसरू नका. ते 1971 पासून निघते आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. पडद्यापासून दूर राहण्याचा तुमचा हेतू असल्यामुळे एखादी गोष्ट छापून घेतलेली बरी.

एक नाव कोणीच घेतले नाही, म्हणून मी घेते. 'श्यामची आई' 1935 साली प्रसिद्ध झाली आणि तेव्हापासून ती 'संस्कारांचे पुस्तक' म्हणून इतक्यांदा भेट दिली गेली आहे की, तुमच्यासारख्या तात्पर्याला कंटाळलेल्या घरात ती आपोआप मागे पडते. परंतु ते पुस्तक रात्रीच्या वाचनासाठीच रचल्यासारखे आहे, कारण त्याची विभागणीच 'रात्र पहिली', 'रात्र दुसरी' अशी आहे. एका रात्री एकच प्रकरण वाचा आणि वाचून झाल्यावर "यातून काय शिकलात?" असे चुकूनही विचारू नका.

बोरिवलीचा बाबा:

बाईंचा मुद्दा मान्य आहे, तरी सर्वांत आधी तेच नको. दिवसभराच्या दगदगीनंतर रोज रात्री घरातल्या सगळ्यांना रडवणे आम्हाला तरी झेपले नाही. हसण्याची सवय लागल्यावर रडण्याची पुस्तके आणावीत.

रात्रीची वाचक, डोंबिवली:

मोठ्यांसाठी मी थोडे लिहिते. (मुंबईत मोडत नाही, पण रोजचा प्रवास मुंबईचाच आहे.)

यजमानांना रहस्यकथा आवडत असतील तर सत्यजित राय यांच्या फेलूदाच्या कथा अशोक जैन यांच्या मराठी अनुवादात मिळतात, आणि त्या मुलगीही दोन-तीन वर्षांत वाचू लागेल. बाबुराव अर्नाळकरांचा झुंजार आणि काळापहाड पूर्वी वाचनालयांतून अक्षरशः झिजत असत. एखादी कादंबरी गंमत म्हणून जरूर वाचावी, परंतु ओळीने वाचल्या तर कथानकांचा सांगाडा दिसू लागतो. जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा मात्र बाप-लेकीने मिळून वाचण्याजोग्या आहेत. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी आपली कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली होती. या नावाची आद्याक्षरे उलटी वाचली की ज. वि. ना. होतात. हे मुलीला आधी सांगून मग 'उजव्या सोंडेचा गणपती' वाचा. डावे-उजवे उलटे होण्याचा खेळ त्या कथेतही आहे.

तुम्हाला स्वतःसाठी हवे असल्यास लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' घ्या. पुस्तक 1934 ते 1937 या काळात चार भागांत आले. आपल्या वडिलांचे टोकाचे सोवळे, पती कवी ना. वा. टिळकांचा विसरभोळा आणि तापट स्वभाव, हातात पैसा नसताना चाललेला संसार हे सगळे त्या अशा सहजतेने सांगतात की, त्यात किती दुःख होते हे पान उलटल्यावर लक्षात येते. भाषा इतकी बोलकी आहे की, पहिल्या भागातली लहानपणची प्रकरणे सासूबाईंनाही वाचून दाखवता येतील. त्यानंतर प्रकाश नारायण संतांचे 'वनवास'. आजी-आजोबांकडे राहणाऱ्या लंपनचे हे जग बेळगावकडच्या मराठीत आहे, आणि ती बोली सुरुवातीला जिभेला जरा अडते. लहान मुलाने सांगितलेली गोष्ट असली तरी ते मोठ्यांचे पुस्तक आहे, मुलीने सातवी-आठवीत वाचावे.

दुर्गा भागवतांचे 'ऋतुचक्र' सलग वाचू नये. त्यात मराठी महिन्यांनुसार लेख आहेत, तेव्हा जो महिना चालू असेल तोच लेख त्या महिन्यात वाचायचा. वर्षभर पुरते आणि जागा एका पुस्तकाचीच लागते.

मुलुंडवासी:

सर्वांचे मनापासून आभार. काल लेकीच्या मैत्रिणीकडून 'बोक्या' मिळवला आणि पहिल्याच गोष्टीला सासूबाईंनी "हा मुलगा आपल्या शेजारच्यासारखाच आहे" असे म्हणून वाचन मधेच थांबवले, ते पुढे बराच वेळ थांबलेलेच राहिले. आता 'अलबत्या गलबत्या' आणि 'वाचू आनंदे' आणायचे ठरले आहे. बाकीची पुस्तके विकत न घेता कुठे मिळतील?

निवृत्त ग्रंथपाल, गिरगाव:

दादर पूर्वेचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय 1898 पासून आहे. तिथे चौकशी करावीच. तुम्हाला जवळ पडेल ते ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय, ते 1893 सालचे. वर्गणी आणि अनामत रक्कम किती आहे, ते तिथेच विचारून घ्या. जाताना मुलीला बरोबर न्या आणि कपाटातून पुस्तक तिलाच काढू द्या. चुकीचे निघाले तर पुढच्या खेपेला बदलता येतेच. बालनाट्यांच्या संहिता सगळीकडे सहज हाती लागत नाहीत. कपाटात दिसल्या नाहीत तर काउंटरवर नाटककाराच्या नावाने विचारा, कारण त्या पुष्कळदा बालविभागात न ठेवता मोठ्यांच्या नाटकांत लावलेल्या असतात.