झुरळं जेलला तोंडच लावत नाहीत, मुलगा म्हणतो उत्क्रांती झाली

कोलशेतची_आई

नमस्कार मंडळी, प्रश्न किचनचा आहे की विज्ञानाचा ते मलाच कळत नाहीये, त्यामुळे इथेच टाकते.

आमच्याकडे ती बारकी तपकिरी झुरळं आहेत, मोठी उडणारी नाही, ट्रॉलीच्या बिजागरीत आणि मिक्सरच्या बुडाखाली बिऱ्हाड करून राहतात ती. दोन वर्षांपासून झुरळं मारायचं जेल लावतोय. पहिल्या वेळी आठवड्यात सगळी गायब, मी तर शेजारणींना पण तेच जेल घ्यायला लावलं. आता ठिपके लावले की जसेच्या तसे वाळून जातात. परवा रात्री पाणी प्यायला उठले, लाइट लावला तर एक झुरळ ठिपक्यापाशी आलं, मिशा लावून बघितलं आणि चक्क मागे सरकून निघून गेलं. मला तर अपमान झाल्यासारखं वाटलं.

मी म्हटलं शहाणी झाली ही. आमचे चिरंजीव यंदा दहावीत, ते म्हणाले शहाणी नाही आई, उत्क्रांती झाली, विज्ञान भाग दोनचा पहिलाच धडा आहे. म्हटलं बरं मग समजाव. तर "नैसर्गिक निवड" म्हणाला आणि गाडी तिथेच थांबली. अरे पण निवड करतं कोण? झुरळाला कसं कळलं की आता बदलायला पाहिजे? आणि उत्क्रांतीला लाखो वर्षं लागतात ना, आम्हाला तर पझेशन मिळून सहाच वर्षं झालीत. तर म्हणे परीक्षेला एवढं येत नाही.

कोणी नीट सांगेल का, आणि जेलचं काय करू तेही सांगा.

पेस्टवाला_कळवा

ताई मी १४ वर्षं याच लाइनमध्ये आहे, तुमची ती जर्मन झुरळं. नावाला जर्मन, राहतात कळवा मुंब्रा ऐरोली सगळीकडे.

आधी एक सांगा, जेल लावल्यावर वरून स्प्रे मारता का किंवा ट्रॉली फिनाईलने पुसता का? ८० टक्के घरात हाच घोळ असतो, त्या वासाने ते जेलच्या जवळ येत नाही आणि लोक आम्हाला शिव्या घालतात. तसं नसेल तर मग दुसरी गोष्ट. जेलमध्ये विष थोडं असतं, बाकी सगळा खाऊ असतो, त्यात गोड पण असतं, ते खायला झुरळ येतं. आम्हाला ट्रेनिंगला सांगितलेलं की काही झुरळांना ते गोडच आवडेनासं होतं, म्हणून एकच जेल कायम वापरायचं नाही, आलटून पालटून वापरायचं. आता तुमच्याकडे हेच झालंय असं मी छातीठोक नाही सांगणार, पण मिशा लावून मागे फिरलं म्हणताय म्हणजे लक्षण तेच वाटतं. जेल खाऊन पण जगलं तर तो वेगळा प्रकार, तिथे विषच पचवायला लागलेलं असतं.

आणि लाखो वर्षांचं म्हणाल तर या झुरळाची मादी अंड्यांची पिशवी मागे चिकटवून फिरते, एका पिशवीत ३०-४० पिल्लं, आणि साधारण तीन महिन्यांत पिल्लू स्वतः पिल्लं काढायच्या वयाला येतं. दोन वर्षांत सात-आठ पिढ्या. तुमच्या सात-आठ पिढ्या मागे गेलात तर पेशवाई येईल.

खारघरची_लॅबवाली

पेशवाईचा हिशोब भारी 😄 मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, झुरळांशी संबंध फक्त कँटीनपुरता, पण हा विषय माझा लाडका आहे त्यामुळे जरा लांब लिहिते, सहन करा.

ताई, तुमच्या प्रश्नात एक गोची आहे आणि ती सगळ्यांचीच होते. "झुरळ बदललं" असं आपण बोलतो. पण तुम्ही दोन वर्षांपूर्वी बघितलेलं एकही झुरळ बदललेलं नाहीये, ती मेली बिचारी. समजा तेव्हा तुमच्या आणि आजूबाजूच्या फ्लॅटमध्ये मिळून हजार झुरळं होती आणि त्यातल्या दोघातिघांना जन्मापासूनच ग्लुकोज, म्हणजे जेलमधली ती गोड साखर, कडू लागायचं. का लागायचं? काही कारण नाही, जनुकांची कॉपी काढताना चुका होतात तशी कधीतरी झालेली चूक. माणसाच्या प्रत्येक बाळात पण अशा साधारण ६०-७० नव्या चुका असतात ज्या आईत नसतात आणि बापातही नसतात, बहुतेकांनी काही फरक पडत नाही. शिवाय आईबापाची पत्ती पिसून वाटलेली असते ती वेगळीच. तर तुम्ही जेल लावलं, ९९७ जणांनी ताव मारला आणि गेले. तीन खोडसाळ उरले, त्यांची पिल्लं झाली, त्यातल्या बऱ्याच पिल्लांना ग्लुकोज कडूच लागलं कारण ते जनुकातून आलंय. आता लाइट लावल्यावर जे दिसतं ते त्यांचं खानदान. कोणाला काही कळलं नाही, कोणी काही ठरवलं नाही, फक्त गर्दीतलं प्रमाण उलटं झालं. आणि निवड कोणी केली म्हणाल तर या केसमध्ये तुम्हीच, ट्यूब हातात घेऊन!

हे अमेरिकेत खरंच सापडलंय. ज्युल्स सिल्व्हरमन नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने १९९३ साली दाखवलं की फ्लोरिडातली जर्मन झुरळं ग्लुकोजपासून लांब पळतात आणि हे पिढीतून पिढीत जातं. मग २०१३ मध्ये कळलं की नेमकं होतं काय, झुरळाच्या तोंडाशी गोड ओळखणारी पेशी वेगळी आणि कडू ओळखणारी वेगळी, या झुरळांमध्ये ग्लुकोजने कडूवाली पेशी पण पेटते. म्हणजे त्यांना जेल आपल्याला कारल्याचा रस लागेल तसं लागत असणार.

मुलाला विचारा लॅमार्कचं काय चुकलं, आयुष्यात कमावलेले बदल पिल्लांना मिळतात म्हणणारा तो जुना शास्त्रज्ञ. पुस्तकात जिराफ मान ताणतो ते आहे, पण मी नेहमी कान टोचायचं उदाहरण देते. आपल्याकडे किती पिढ्या बाळांचे कान टोचतायत, हजारो वर्षं झाली असतील, सोनार थकले, पण कानाला भोक घेऊन आजवर एक तरी बाळ जन्मलं का? आयुष्यात कमावलेलं खाली जात नाही. आपल्या खाडीतले फ्लेमिंगो घ्या, त्यांचा गुलाबी रंग खाण्यातून येतो, शेवाळ आणि बारीक जीवांमधलं रंगद्रव्य पिसात उतरतं. पिल्लू जन्मतं ते राखाडीच, आईबाप कितीही गुलाबी असोत. पण ते रंगद्रव्य पिसापर्यंत नेण्याची यंत्रणा आणि ती पाणी गाळणारी वाकडी चोच, ती मात्र जनुकातून येते, त्यामुळे निवड तिच्यावर चालते.

तिरकस_डोंबिवलीकर

सगळं मान्य, पण झुरळ शेवटी झुरळच राहिलं ना? त्याला कारलं आवडो नाहीतर जिलबी. नवीन जात कुठे तयार झाली? याला उत्क्रांती म्हणणं म्हणजे दाढी काढली म्हणून नवीन माणूस झाला म्हणण्यासारखं आहे. आणि माणूस माकडापासून झाला म्हणता तर ठाण्याच्या येऊरच्या जंगलात गेटपाशी जी माकडं आहेत ती लोकांच्या हातातली वेफर्सची पाकिटं ओढण्याइतकी हुशार झालीत, मग त्यांची माणसं का होत नाहीयेत? मी लहानपणापासून बघतोय, एकही प्रमोट झालेला नाही.

दिवागावकर

प्रमोशन वरनं आठवलं. आमचं गाव ऐरोलीत, खाडी घराच्या मागे. ओहोटीला तिवरांच्या मुळाशी निवट्या बघा, मासा आहे पण चिखलावर पुढच्या परांवर रेटत चालतो, उड्या मारतो, अंगाला ओल असली की कातडीतून पण श्वास घेतो. आमचा आजोबा त्यांना बिळातून हाताने काढायचा, कालवण एक नंबर. मागे एकदा नेचर ट्रेलवाले पोरं घेऊन आले होते, तर तो गाईड सांगत होता हा मासा जमिनीवर यायला निघालाय, अजून काही लाख वर्षांनी पूर्ण बाहेर येईल. मी ऐकून घेतलं पण पटलं नाही, कारण निवट्याला कुठे जायचंय? त्याचं सगळं चिखलातच आहे, खाणं, बीळ, बायको. मग बाहेर कशाला येईल?

खारघरची_लॅबवाली

दादा तुम्ही गाइडपेक्षा बरोबर आहात, खरंच. निवट्या कुठेही निघालेला नाही. तो अर्धवट बेडूक नाही, पूर्ण निवट्या आहे, ओहोटीच्या चिखलात पोट भरायचं काम त्याच्याइतकं कोणाला जमत नाही. मासे जमिनीवर आले ती गोष्ट वेगळी आणि फार जुनी, त्या काळातला टिकटालिक म्हणून एक जीवाश्म कॅनडाच्या उत्तर टोकाला २००४ मध्ये सापडला, साधारण ३७.५ कोटी वर्षांपूर्वीचा, खवले माशाचे आणि परांच्या आत मनगटासारखी हाडं. निवट्याचं घराणं त्या शाखेतलं नाहीच. चिखलात चालण्याची युक्ती त्याच्याकडे स्वतंत्रपणे आली.

आणि डोंबिवलीकर, येऊरच्या माकडाचं उत्तर हेच आहे. माणूस होणं हे प्रमोशन नाहीये. ती माकडं आपली आजोबा नाहीत, लांबची भावकी आहे, त्यांचा आणि आपला मूळपुरुष अडीच-तीन कोटी वर्षांपूर्वीचा आणि तो आज कोणीच नाही, ना तो येऊरचा ना आपण. चिंपँझी जवळचा, ६०-७० लाख वर्षांपूर्वी वाटण्या झाल्या. गावची जमीन वाटल्यावर एक भाऊ भिवंडीला गेला म्हणून गावातल्या भावाने पण जायलाच पाहिजे असं थोडीच असतं.

नवीन जातीचं मात्र तुम्ही बरोबर टोकलंत. चव बदलली म्हणजे जात बदलली नाही. जात वेगळी कधी म्हणायची तर साधारण जेव्हा दोन गटांचं आपसात लग्न जमेनासं होतं किंवा जमलं तरी पुढे वंश चालत नाही. मध्ये समुद्र आला, डोंगर आला, एका गटाने खाणं बदललं, की दोन्हीकडे वेगवेगळ्या चुका साठत जातात. आणि गंमत म्हणजे या कडू झुरळांमध्ये लग्नाचाच घोळ झालेला सापडला, २०२२ चा अभ्यास आहे. नर मादीला पटवायला पाठीवरच्या ग्रंथीतून गोड रस देतो, आपल्याकडे पेढे नेतात तसं. मादीच्या लाळेने त्या रसातल्या साखरेचं ग्लुकोज होतं, ते तिला कडू लागतं आणि ती अर्ध्यात उठून जाते! मग त्या गटात असे नर टिकले ज्यांच्या रसात सहज ग्लुकोज न होणारी साखर जास्त आहे आणि जे तिने तोंड वाकडं करायच्या आत कार्यभाग उरकतात. अजून एकच जात आहे हं ही, पण लग्नात अडथळा कसा शिरतो ते किचनमध्ये बसून बघायला मिळतं.

पूर्ण झालेलं उदाहरण हवं तर दिवागावकरांना माहीत असलेली चिलापी. तिच्या कुळातल्या माशांनी आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरात साधारण १५ हजार वर्षांत ५०० च्या आसपास जाती तयार केल्या, कोणी शेवाळ खरवडणारा, कोणी शिंपले फोडणारा, कोणी दुसऱ्याची पिल्लं खाणारा.

कोलशेतची_आई

बापरे, लग्नाचं वाचून सासूबाई पण हसल्या. एक शंका, मग ही कडूवाली झुरळं जास्त चांगली झाली का? म्हणजे आता कायम अशीच राहणार?

खारघरची_लॅबवाली

चांगली वाईट काही नाही, दुकान कुठे आहे त्यावर आहे. जिथे जेल नाही तिथे गोड नाकारणारं झुरळ उपाशी राहतं, वाढ हळू होते, तिथे साधीच पुढे जातात. गॅलापागोसच्या डॅफ्नी मेजर बेटावर ग्रँट या शास्त्रज्ञ नवराबायकोने हे फिंच पक्ष्यांमध्ये बघितलं, १९७७ च्या दुष्काळात कडक बिया फोडणाऱ्या जाड चोचीचे जास्त वाचले, मग १९८३ ला धो धो पाऊस झाला आणि बारीक बिया आल्या तर बारीक चोचवाल्यांचे दिवस आले.

माझ्या रोजच्या कामातलं सांगू? सिकल सेल, आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार. पालघर, नंदुरबार, गडचिरोलीच्या आदिवासी भागात खूप आहे. हिमोग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी एक अमिनो आम्ल बदलतं, बस एवढंच. दोन्ही आईबापांकडून तो बदल आला तर मूल आयुष्यभर दुखणं घेऊन जगतं. पण एकाकडूनच आला तर मलेरियाच्या गंभीर आजारापासून बरंच संरक्षण, हे अँथनी अ‍ॅलिसन या शास्त्रज्ञाने १९५४ मध्ये दाखवलं. म्हणून जिथे पिढ्यान्पिढ्या मलेरिया होता तिथे हा बदल टिकला. मलेरियाने त्या जनुकाला राखलं आणि त्याची किंमत आज कोणतं तरी पोर मोजतंय. मायक्रोस्कोपखाली ती कोयत्यासारखी पेशी दिसली की मला दर वेळी हेच आठवतं. शहाणपणाने निवड करणारं कोणी असतं तर असं कशाला केलं असतं?

कोलशेतची_आई

हे वाचून गप्पच झाले.

अपडेट देते. पेस्टवाल्या दादांनी सांगितल्यासारखं फिनाईल बंद केलं (हो, पुसत होते, कबूल) आणि जेल बदललं. दहा दिवस झाले, मेलेली दिसतायत. त्यामुळे फिनाईलचा दोष होता की गोडाचा ते आता कळायला मार्ग नाही, दोन्ही एकदम बदललं म्हणून मुलगा चिडलाय. त्याने जेल बदलायच्या आदल्या रात्री प्रयोग केला होता, एका झाकणात ग्लुकोज पावडरचं पाणी आणि दुसऱ्यात शेंगदाण्याचा कूट, सिंकखाली ठेवून झोपला. सकाळी दोन्ही झाकणांत मुंग्या. झुरळ एकही नाही.

पेस्टवाला_कळवा

मुंग्यांचं जेल वेगळं येतं ताई. झाकणं आधी उचला.