सापळ्यातल्या या फळमाश्या एकाच जातीच्या का?

कलमवाला:
देवगड तालुक्यात आमची ऐंशी हापूस कलमं. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून आंब्यात अळ्या निघायला लागल्या म्हणून चार रक्षक सापळे टांगले. काल एक सापळा वर्तमानपत्रावर पालथा केला. माश्या घरमाशीएवढ्याच, पण सगळ्या सारख्या नाहीत. फोटो १: पाठ काळपट, पोटावर इंग्रजी टीसारखी काळी खूण, पंखाच्या कडेने टोकापर्यंत तपकिरी पट्टी. फोटो २: अंग तांबूस, पंख स्वच्छ, टोकाला तेवढा एक डाग. मोबाइलमधलं ॲप पहिलीला गांधीलमाशी म्हणतंय! हे नर-मादी की वेगळ्या जाती?

किडेमकोडे:
ॲपला हसू नका, पिवळं-काळं अंग बघून माणसंही फसतात. पंख मोजा. गांधीलमाशीला चार, माशीला दोनच. मागच्या जोडीच्या जागी टाचणीच्या डोक्यासारखे बारीक दांडे असतात.

फोटो १ बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस ही फळमाशीची जात वाटते, पण शपथेवर सांगणार नाही. या गटात दिसायला सारख्या जाती बऱ्याच. आफ्रिकेत 'इन्व्हेडेन्स' या वेगळ्या नावाने नोंदलेली माशी २०१५ साली डॉर्सालिसच ठरली, तिथे आपल्या फोटोंचं काय!

फोटो २ मात्र अडतोय, कारण तोंड दिसत नाही. सगळे पाठीवरून फोटो काढतात. समोरून काढा. तोंडावर दोन सुटे काळे ठिपके असतील तर बॅक्ट्रोसेराचीच दुसरी जात, झोनाटा. ठिपके आडवे पसरून पट्टीच झाली असेल तर तिसरी, करेक्टा. आणि वर्तमानपत्र नको हो, अक्षरांत पंखांवरचे डाग हरवतात. पांढरा कागद घ्या, शेजारी मोजपट्टी ठेवा. माशी ताजी हवी, पडून राहिली की काळवंडते.

मालवणी माणूस:
नर-मादीचो प्रश्नच नाय. सापळ्यातल्या मिथिल युजेनॉल ह्या आमिषाच्या वासार नरच येतत. मादी थंय आंब्यार बसान डंख मारता हा. खाली पडलेले आंबे आधी उचला, नायतर अळ्यो मातीत शिरान कोश करतत.

कलमवाला:
पडलेले आंबे आजच गोळा केले, दोन टोपल्या निघाले.

मुलाच्या कंपासपेटीतलं भिंग मोबाइलवर धरून एकेक तोंड पाहिलं. तांबूस माश्यांना दोन सुटे ठिपके आहेत, म्हणजे झोनाटा. पण पंखावर पट्टी नसलेल्यांतच तीन माश्या पाठीने काळ्या निघाल्या, त्यांच्या तोंडावर आडवी पट्टी! काळी पाठ बघून मी त्या आधी डॉर्सालिसच्या ढिगात टाकल्या होत्या. फोटो ३ टाकलाय, किडेमकोडे सर, जरा बघा.