गाडीतल्या इंटरनेटचे पैसे भरावेत का? (मदत हवी आहे)

मंडळी, जरा सल्ला हवा आहे. नव्या गाडीसोबत तीन महिने इंटरनेट फुकट मिळालं होतं, ती मुदत आता संपत आली. गाडी सुरू केली की पहिली स्क्रीन रिचार्जचीच. प्लॅन दोन आहेत: साधी 'कनेक्टेड सेवा', आणि तिच्या दुपटीहून महाग असा वायफाय, गाणी, व्हिडिओ सगळं असलेला. शोरूममध्ये विचारलं तर उत्तर, "सगळे मोठाच घेतात."

रोज ऑफिसला जाऊन-येऊन दीड तास मी एकटाच असतो. गाणी, पॉडकास्ट, नकाशा हे सगळं फोनवरून अँड्रॉइड ऑटोने चालतं. हिशोब केला: १६० केबीपीएसवर गाणी ऐकली तर तासाला साधारण ७२ एमबी, म्हणजे महिन्याचे २२ दिवस धरून अडीच जीबीच्या आत. एवढ्यासाठी वेगळे पैसे भरायचं जिवावर येतं.

घोडं अडलंय लांबच्या प्रवासात. मागे दोन मुलं, दोन टॅब आणि दोघांची कार्टून वेगळी (एकच बघा म्हटलं की महायुद्ध). गेल्या वेळी माझ्या फोनचा हॉटस्पॉट दिला. नकाशा, चार्जिंग, हॉटस्पॉट आणि काचेतून येणारं ऊन, फोन इतका तापला की चार्जिंगच थांबलं. मग रस्ता चुकलो, ते वेगळंच.

गाडीचं नेट खरंच जास्त चांगलं चालतं का? आणि काहीच घेतलं नाही तर नक्की काय बंद पडतं?

स्पॅनरवाली: आधी दोन्ही प्लॅन मनातून वेगळे करा. मोबाइल ॲपवरून गाडी लॉक करणं, ती कुठे उभी आहे ते बघणं, लांबून एसी लावणं, हे गाडीतल्या सिमवरून चालतं. तुमच्या फोनात कितीही डेटा असला तरी त्याची जागा तो घेऊ शकत नाही. ही सोय तीन महिन्यांत किती वेळा वापरलीत ते आठवा, छोट्या प्लॅनचं उत्तर तिथेच आहे. दिशा दाखवणारं जीपीएस मात्र नेटशिवाय चालतं. नकाशा आधी उतरवून ठेवला की झालं, फक्त ट्रॅफिक दिसणार नाही. अपघातात आपोआप मदत बोलावणारं बटण असेल तर ते प्लॅनविना चालतं का, ते माहितीपुस्तिकेत बघा. युरोपियन युनियनमध्ये २०१८ पासून नव्या मॉडेलांना ते कायद्याने बंधनकारक आहे, सगळीकडे तसं नाही.

भटक्या_७: रेंजचं म्हणाल तर, छपरावर अँटेना असेल तर गाडीला थोडा फायदा मिळतो, कारण फोन बिचारा पत्र्याच्या डब्यात. पण टॉवरच नसेल तिथे दोघेही मुके. गाडीतलं सिम कुठल्या कंपनीचं आहे ते विचारा. फोनच्याच कंपनीचं असेल तर फार फरक पडणार नाही. फुकट मुदत आहे तोवर, तुमच्या रस्त्यावर जिथे फोन हमखास अडकतो तिथे गाडी बाजूला घेऊन दोन्ही तपासा. आणि बहुतेक गाड्यांत पुढच्या स्क्रीनवरचा व्हिडिओ गाडी चालू लागली की बंद होतो. उभ्या गाडीत सिनेमा किती बघणार आहात?

स्पॅनरवाली: स्वस्त पडतं म्हणून पाच वर्षांचे पैसे एकदम भरू नका. अमेरिकेत २०२२ मध्ये थ्रीजी बंद झालं तेव्हा कित्येक धडधाकट गाड्यांच्या ऑनलाइन सेवा गेल्या, कारण आतला मोडेम जुना.

भटक्या_७: +१. आणि मुलांना कार्टून घरच्या वायफायवर डाउनलोड करून द्या. एचडी व्हिडिओ तासाला तीन जीबीपर्यंत खातो. टॅबच्या स्क्रीनला कमी दर्जाही पुरतो.

धागाकर्ता: आभार दोघांचेही. ॲप उघडून पाहिलं: तीन महिन्यांत गाडी लांबून लॉक केली दोनदा, त्यातली एकदा शेजाऱ्याला दाखवायला. अडकणाऱ्या जागीही तपासलं, गाडी आणि फोन दोन्ही ठप्प. मोठा प्लॅन रद्द. छोटा महिन्या-महिन्याने घेता येतो असं कळलं, पण बायको म्हणते पार्किंगमध्ये गाडी शोधायला तो लागेलच, कारण ती कुठे लावली हे मला कधीच आठवत नाही. तेवढा एक महिना भरतोय. डाउनलोड केलेली कार्टून प्रवासात नेट नसताना मध्येच 'मुदत संपली' म्हणतात का? कुणाला अनुभव आहे?

भटक्या_७: म्हणतात कधीकधी. निघायच्या आदल्या रात्री टॅबचं नेट बंद करून प्रत्येक भाग एकदा सुरू करून बघा.