विषय: चर्चचे पैसे कापले जातात, पण मंडळी कुठे आहे?

प्रेषक: सु., स्टुटगार्ट

सर्वांना नमस्कार आणि सलाम,

मी मूळची मिरजेची. ऑक्टोबरपासून नोकरीनिमित्त स्टुटगार्टला आहे. नोंदणीच्या फॉर्मवर धर्माच्या रकान्यात मी 'एव्हांगेलिश', म्हणजे प्रोटेस्टंट, लिहिलं. पहिली पगारचिठ्ठी आली तेव्हा कळलं, की आयकराच्या ८ टक्के रक्कम चर्चसाठी वेगळी कापली जाते. पैशांचं मला काही वाटत नाही. आमच्याकडे आजी पेन्शन हातात पडली की आधी देवाचा वाटा काढून ठेवायची.

वाईट वाटतं ते रविवारचं. चर्च केवढं मोठं, ऑर्गन किती सुंदर, आणि बाकांवर मोजून अठरा माणसं. मीच सगळ्यांत लहान. उपासना संपली, पाळकबाईंनी दाराशी हात हातात घेतला, चांगल्या रविवारच्या शुभेच्छा दिल्या आणि पाच मिनिटांत आवार रिकामं. मिरजेला उपासना सुटल्यावर तासभर कोणी हलत नाही. कोणाचं बाळंतपण, कोणाची बदली, कोणाचा ताप, सगळं तिथेच कळतं.

ऑफिसमधला एक जण म्हणतो, नाव काढून टाक, पैसे वाचतील, प्रार्थना काय घरीही होते. खरंच, घरी माझं वाचन आणि प्रार्थना नीट चालू आहे. मग चर्चला जायचं कशासाठी? हा प्रश्न मला टोचतो आहे. वास्कोचे काका इकडे बरीच वर्षं लुथरन मंडळीत होते असं कळलं. काका, तुम्ही काय सांगाल?

सु.

प्रेषक: वास्कोचे काका

प्रिय सु., प्रभूमध्ये सलाम.

तुझं पत्र सकाळी वाचलं आणि दिवसभर मनात घोळत राहिलं. मी नगरचा. म्हणजे १८३१ साली नगरला आलेल्या अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतला. १९७० मध्ये बरीच मंडळं एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, त्यात आमचं घर गेलं. लुथरन त्यात आले नव्हते, त्यामुळे लुथरन माणूस मी पहिल्यांदा पाहिला तो एसलिंगेनच्या कारखान्यात. तिथे तेवीस वर्षं काढली. निवृत्तीनंतर पत्नीच्या माहेरी, गोव्यात वास्कोला, येऊन राहिलो.

आता तुझा प्रश्न. घरी प्रार्थना होते, हे खरं. पण एक गोष्ट घरी एकट्याने होत नाही. आपल्या पापांची क्षमा झाली आहे, हे आपलं आपल्याला सांगता येत नाही. सांगून पाहावं, मन ऐकत नाही. ते दुसऱ्याच्या तोंडून कानावर यावं लागतं. जर्मन धर्मसुधारक मार्टिन लुथरने १५३७ च्या श्माल्काल्डच्या लेखांत, म्हणजे शिकवणीच्या कलमांत, सुवार्ता आपल्यापर्यंत कशाकशातून पोहोचते ते मोजलं आहे. बोललेलं वचन, बाप्तिस्मा, प्रभुभोजन, पापक्षमेचा अधिकार आणि शिवाय बंधुजनांनी आपसात बोलणं, एकमेकांना धीर देणं. हे शेवटचं त्याने बाप्तिस्मा आणि प्रभुभोजनाच्या पंगतीला बसवलं आहे! जर्मनीत हे मी कितीदा तरी वाचलं होतं. कळलं मात्र वास्कोला आल्यावर.

इथली आमची मंडळी लहान आहे. रविवारी दुपारी चारला एका भाड्याच्या हॉलमध्ये जमतो. चारला अशासाठी, की निम्मे लोक सकाळी कामावर असतात. बहुतेक जण झारखंडचे, बांधकामावर किंवा जहाजदुरुस्तीच्या कामावर. रांचीला जर्मन पाळक गॉस्नरने पाठवलेले मिशनरी १८४५ मध्ये पोहोचले, आणि १९१९ पासून तिथली लुथरन मंडळी स्वतःच्या पायांवर उभी आहे. या मुलांचे पणजोबा लुथरन होते. माझ्यापेक्षा त्यांची मुळं खोल आहेत. त्यांच्याखेरीज दोन तमिळ कुटुंबं, एक तेलुगू नर्स आणि आम्ही मराठी तीन घरं. उपासना हिंदीत, एक गीत मराठीत, बहुतेक वेळा नारायण वामन टिळकांचं. आम्हाला कायमचा पाळक नाही. रीतसर बोलावणं झाल्याशिवाय कोणी प्रभुभोजन द्यायचं नाही, ही लुथरन शिस्त आम्ही पाळतो. त्यामुळे पाळक रेल्वेने येतात तेव्हाच, दीड-दोन महिन्यांतून एकदा, प्रभुभोजन. एरवी आमच्यातलाच कोणीतरी छापील उपदेश वाचून दाखवतो. नंतर चहा आणि पदेराकडचे उंडे, म्हणजे पाववाल्याचे गोल पाव.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत दानार्पणाचा हिशेब माझ्याकडे होता. पेटी माझ्या घरी, किल्ली माझ्या खिशात, वही माझ्या अक्षरात. एका रविवारी एक वेल्डर मुलगा, झारखंडातल्या खुंटीकडचा, पंचविशीचा, सगळ्यांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, काका, वही सगळ्यांना दाखवाल का? त्यात एका पैशाचीही चूक नव्हती. पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एवढी वर्षं केलं त्याचं हे फळ? वही त्याच्या पुढ्यात ठेवली आणि घरी निघून आलो. पुढचे सहा रविवार मी गेलो नाही.

त्या सहा रविवारी मी घरी प्रार्थना केली, सु. नेमाने केली. वचन वाचलं, गीतंही म्हटली. आणि दर वेळी प्रार्थनेत मीच बरोबर ठरलो. एकट्याच्या प्रार्थनेत मला उलटून बोलणारं कोणी नव्हतं.

सातव्या आठवड्यात, जुलैच्या धो धो पावसात, तो मुलगा बायण्याहून चालत माझ्या घरी आला. रेनकोट दाराशी काढला तरी पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली. हिने टॉवेल दिला, चहा ठेवला. बराच वेळ कोणी बोललं नाही, कौलांवरचा पाऊस तेवढा वाजत होता. मग मीच म्हणालो, की मला राग पैशांचा नव्हता, माझ्याकडून हिशेब मागितला याचा होता, आणि हा गर्व आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तो म्हणाला, "काका, प्रभु ने माफ किया है. मैंने भी किया. आप भी मुझे कीजिए, मुझे अकेले में पूछना था." एवढंच. लहान मुलाने वडिलांना सांगावं तसं. माझ्या छातीवरचा दगड उतरला, आणि तो मला सहा आठवडे एकट्याला हलवता आला नव्हता.

त्यानंतर आम्ही पेटी बदलली. आता लोखंडी पेटी आहे, तिला दोन कुलपं. एक किल्ली माझ्याकडे, दुसरी त्याच्याकडे. दोघं हजर असल्याशिवाय उघडत नाही. हे आमच्या डोक्यातून निघालेलं नाही. १५२३ मध्ये सॅक्सनीतल्या लाइसनिश गावच्या मंडळीने सामाईक पेटीचा नियम केला होता, त्याला लुथरने प्रस्तावना लिहिली. त्या पेटीला चार वेगवेगळी कुलपं होती. एक किल्ली सरदारांकडे, एक नगरसभेकडे, एक गावातल्या नागरिकांकडे आणि एक आसपासच्या शेतकऱ्यांकडे. कारभारी दहा, दर वर्षी निवडलेले. पैसा जायचा गरिबांकडे, अनाथांकडे, म्हाताऱ्यांकडे आणि शाळेकडे. अडचणीतल्या कारागिराला उसनेही मिळत. नगरसभेने जुने निधी द्यायला हात आखडता घेतला, म्हणून योजना ठरली तशी चालली नाही. पण चौथी किल्ली शेतकऱ्याच्या हातात होती, हे मला फार मोठं वाटतं.

आमच्या पेटीचा उपयोग लगेच झाला. नोव्हेंबरात आमच्यातला एक जण परांचीवरून, म्हणजे बांधकामाच्या मचाणावरून, पडला. मांडीचं हाड मोडलं. ठेकेदाराने दोन दिवसांनी फोन उचलणं बंद केलं. त्याला बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, ठेवलं होतं. मंडळीने पाळ्या लावल्या. सकाळचा डबा तमिळ ताईंकडून, संध्याकाळचा आमच्याकडून, रात्री सोबतीला त्याच्याच खोलीतली मुलं. मी डबा घेऊन वास्कोहून बसने कुठ्ठाळीमार्गे जायचो. झुआरीचा पूल येईपर्यंत डबा मांडीवर गरम लागायचा. तिकडे गावी त्याच्या आईला पेटीतून पैसे गेले. वहीत त्या नोंदीखाली दोन सह्या आहेत.

शेजारच्या कॅथलिक बाईंनीही दोनदा पेज करून दिली. मे महिन्यात त्यांच्या वाड्यावरच्या खुरसापाशी, म्हणजे क्रूसापाशी, लदीन ही सामूहिक प्रार्थना म्हणतात तेव्हा आम्ही जातो, उकडलेले चणे खाऊन येतो. देवापुढे नीतिमान ठरण्याच्या ज्या शिकवणीवरून साडेचारशेहून जास्त वर्षं भांडण चाललं, तिच्यावर लुथरन जागतिक संघ आणि रोम यांनी ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्गला संयुक्त निवेदनावर सह्या केल्या. त्या बाईंना हे माहीत नाही. पेज मात्र वेळेवर आली.

तेव्हा नाव काढू नकोस. आणि रविवारच्या बाकांवरून मंडळीचा अंदाज बांधू नकोस. तू ज्या मुलखात आहेस तिथे मंडळी घराघरांतही जमते. लुथरन पाळक श्पेनरने १६७० मध्ये फ्रँकफुर्टला घरी लोक जमवून वचनावर बोलायला सुरुवात केली, आणि तुझ्या व्युर्टेम्बेर्गमध्ये १७४३ च्या फर्मानाने अशा घरगुती सभांना चर्चच्या आत जागा मिळाली. आजही तिथे 'हाउसक्राइस' असतात. पाळकबाईंना दाराशीच विचार, की आठवड्यात कोणाच्या घरी बसतात. आपल्याला कोणी बोलावलं नाही म्हणून वाट पाहत बसू नकोस. जर्मन माणूस आगंतुकपणा नको म्हणून बोलावत नाही, विचारलंस तर खुर्ची आधीच मांडून ठेवील.

काका

प्रेषक: म., म्युनिक

काका, नमस्कार.

मी ख्रिस्ती नाही, घरी वारीची परंपरा आहे, पण पत्र दोनदा वाचलं. एक शंका मनापासून विचारतो. लुथर म्हणतो, की माणूस केवळ विश्वासाने तरतो, कर्माने नाही, असं शाळेत वाचलं होतं. मग पेटी, डबे, पाळ्या हे सगळं कशासाठी? तरण्यासाठी नसेल, तर त्याची गरज काय?

म.

प्रेषक: वास्कोचे काका

म. भाऊ, नमस्कार.

शंका अगदी मुळावरची आहे. १५२० मध्ये लुथरने ख्रिस्ती माणसाच्या स्वातंत्र्यावर लिहिलं तेव्हा दोन विधानं शेजारी शेजारी ठेवली. ख्रिस्ती माणूस सगळ्यांवर धनी आहे, कोणाचा ताबेदार नाही. आणि ख्रिस्ती माणूस सगळ्यांचा सेवक आहे, प्रत्येकाचा ताबेदार आहे. पहिलं खरं असेल तरच दुसरं जमतं. मी डबा घेऊन निघालो आणि वाटेत माझ्या खात्यावर पुण्य किती जमा झालं ते मोजत बसलो, तर तो डबा माझ्याचसाठी झाला. देवाकडचा माझा हिशेब ख्रिस्ताने आधीच चुकता केला आहे, म्हणून माझे दोन्ही हात मोकळे आहेत. डबा त्या मुलासाठी आहे, कारण त्याला भूक लागली आहे.

प्रभुभोजनाबद्दल १५१९ मध्ये त्याने असंच समजावलं होतं. भाकर होते तेव्हा पुष्कळ दाणे दळून एक होतात, कोणताही दाणा आपला आकार राखत नाही. भोजनाला येतोस तर दुसऱ्याचं दुःख तुझं आणि तुझं त्याचं, असा तो व्यवहार आहे. पाळक येतात तेव्हा ते भाकरीचं ताट हातात घेऊन उभे राहतात आणि आमची रांग पुढे सरकते. माझ्यापुढे बहुधा तो वेल्डर असतो, हातांवर ठिणग्यांचे काळे डाग. त्या सहा आठवड्यांत मी त्या रांगेत नव्हतो, हे मला दर वेळी आठवतं.

तुमच्या घरची वारी मला नगरला लहानपणी दिसायची. दिंडी चालायची तेव्हा पाय एकट्याचे दुखायचे, चालायचे मात्र सगळे मिळून. तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

काका

प्रेषक: सु., स्टुटगार्ट

काका, सलाम.

रविवारी दाराशी विचारलं. पाळकबाईंनी तिथल्या तिथे एका आजींना हाक मारली. मंगळवारी साडेसातला त्यांच्या घरी गेले. आम्ही सहा जण. सुरुवातीला सगळे फार औपचारिक, सगळ्यांना 'झी', म्हणजे 'तुम्ही', पायांत घरच्या सपाता. वाचन झालं, थोडं बोलणं झालं. मग कोणाला काय हवं आहे ते एकेकाने सांगायचं होतं. आजी म्हणाल्या, गुरुवारी माझ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, मुलगी हांबुर्गला असते, टॅक्सीने जाईन, तुम्ही फक्त प्रार्थना करा. दिवसा कोणालाच सुट्टी नव्हती. मी म्हटलं, मी येते.

मग मला विचारलं, तुमचं काय? काही नाही, असं म्हणणार होते. पण तुमचं पत्र आठवलं, आणि संध्याकाळी घरी आलं की कोणाशीच बोलायला मिळत नाही, हे सांगून टाकलं. एका काकांनी बराच वेळ काही म्हटलं नाही. निघताना माझा कोट हातात दिला आणि पुढच्या मंगळवारचा पत्ता चिठ्ठीवर लिहून दिला, खाली बसचा नंबरही.

ऑफिसात एक दिवसाची रजा मिळाली आहे. सकाळी सातला आजींकडे पोहोचायचं आहे, आणि त्यांना उपाशीपोटी न्यायचं की नाही हे अजून विचारायचं राहिलंय, म्हणून आता थांबते.

सु.