तीन जुन्या एअर रायफली: कुठली ठेवावी, कुठली विकावी?

बाणेर_दहामीटर
नमस्कार मंडळी. कॉलेजपासून घेत गेलेल्या रायफलींपैकी तीन आता घरात आहेत, तिन्ही ४.५ मिमीच्या.
एक देशी ब्रेक बॅरल (नळी मोडून छर्रा भरायची), स्प्रिंगची. दुसरी फाइनवेर्कबाउ ३०० एस, बाजूच्या लिव्हरची, तीही स्प्रिंगची. तिसरी वाल्थर एलजी ३००, हवेच्या सिलिंडरवर चालणारी. सिलिंडरवर २००९ ची तारीख आहे. मुलगी १३ वर्षांची आहे, १० मीटर रायफल शिकायला लागली आहे. तिच्यासाठी कुठली ठेवू? बाकीच्या विकायच्या तर आधी काय काय तपासू?

पॅलेट_०५३
मुलीसाठी वाल्थर. पण त्या सिलिंडरमध्ये यापुढे हवा भरू नका. निर्मात्याने दिलेली मुदत तारखेपासून १० वर्षांची असते आणि ती केव्हाच संपली. आत २०० बार दाब असतो. अ‍ॅल्युमिनियम भरण्या-रिकामं होण्याने आतून थकतं, ते बाहेरून दिसत नाही. स्पर्धेत उपकरण तपासणीला सिलिंडरची मुदत बघितली जाते, तिथेही तो चालणार नाही. हवा पूर्ण सोडा, सिलिंडर काढा, आणि पुन्हा कोणी भरू नये म्हणून आडवा कापूनच भंगारात द्या. नवा मागवताना मॉडेलचं नाव सांगून आटे जुळतात का ते विचारून घ्या. रायफल विकत घेणाऱ्याने सुद्धा सगळ्यात आधी ही तारीख बघावी, कारण किमतीचा मोठा हिस्सा तिच्यावर ठरतो.

नवा सिलिंडर बसला की क्रोनोग्राफवर (छर्ऱ्याचा वेग मोजणारं यंत्र) तपासणी. ०.५३ ग्रॅमचे चपट्या तोंडाचे छर्रे घ्या. पहिले दोन-तीन सोडून द्या, पुढचे दहा नोंदवा. वेग १६५ ते १७५ मीटर प्रति सेकंदाच्या आसपास आणि दहांमधला फरक ३ च्या आत असेल तर रेग्युलेटर (दर शॉटला हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग) ठीक आहे. मग दहा मिनिटं रायफल तशीच ठेवा आणि पुन्हा एक झाडा. हा एकच शॉट इतरांपेक्षा बराच वेगवान आला आणि पुढचे पूर्ववत झाले, तर रेग्युलेटरची सीट (झडप टेकते ती जागा) गळते आहे. अशी रायफल सरावात चांगली वाटते, पण स्पर्धेत थोडं थांबून घेतलेला शॉट वर जातो आणि शिकणारी मुलगी दोष स्वतःच्या पकडीत शोधत बसते. म्हणून ही चाचणी टाळू नका.

गळती शोधायला प्रेशर गेजचा आकडा लिहून २४ तास ठेवा. उतरला तर सिलिंडरचं तोंड पाण्यात धरा, बुडबुडे येतील. बहुतेक वेळा ओ-रिंग (जोडातली रबरी कडी) गेलेली असते.

सांगली_रेंज
३०० एस विकायची घाई करू नका. पंप नको, सिलिंडर नको, आणि धक्का जवळजवळ शून्य. झाडताना नळीसकट सगळी यंत्रणा दस्त्यातल्या रुळांवर मागे सरकते, त्यामुळे खांद्याला काही कळत नाही. रुळांवरचं जुनं ग्रीस घट्ट झालं की हे सरकणं अडतं आणि ग्रुप (निशाणावरच्या छिद्रांचा पुंजका) उभा पसरतो. लोक साइट फिरवत बसतात, दोष मात्र रुळांत असतो. जुनं ग्रीस पुसून पातळ थर द्या, बस्स.

दुसरी जागा आतली. पिस्टनची रिंग धातूची असते, ती टिकते. पुढचा प्लॅस्टिकचा बफर (धक्का झेलणारा भाग) वयाने ठिसूळ होऊन भुगा होतो. आवाज कोरडा, धातूवर धातू आपटल्यासारखा आला किंवा ब्रीचकडे (छर्रा भरायच्या तोंडाकडे) तपकिरी कण दिसले, तर एकही छर्रा झाडू नका. आधी बफर बदला. स्प्रिंग दाबाखाली असते, म्हणून स्प्रिंग कॉम्प्रेसर नसेल तर घरी उघडू नका. आणि छर्रा भरताना लिव्हर एका हाताने धरूनच ठेवायचा.

मुलीसाठी वाल्थरच, याला माझंही अनुमोदन. कारण ड्राय फायर. सुरुवातीला छर्ऱ्याविना ट्रिगरचा सराव भरपूर करावा लागतो. वाल्थरमध्ये त्याची सोय आहे. स्प्रिंगच्या रायफलीत छर्रा नसेल तर पिस्टनपुढे हवेची गादी तयार होत नाही, तो सरळ टोकावर आदळतो.

बाणेर_दहामीटर
दोघांचे आभार. ३०० एसचा आवाज खरंच कोरडा येतो, तेव्हा बफर बघतो. ब्रेक बॅरल पहिल्या काही शॉट्सला धूर सोडते. आणि पावसाळ्यात या सगळ्या ठेवायच्या कशा?

पॅलेट_०५३
धूर म्हणजे कोणीतरी ब्रेक बॅरलच्या पिस्टनच्या नळकांड्यात साधं मशीन ऑइल घातलंय. दाबाने हवा तापते, तेल पेटतं, सील जळतं, स्प्रिंग तुटते. आतलं सगळं पुसून काढावं लागेल. पिस्टनच्या पुढे फक्त सिलिकॉन ऑइल, तेही थेंबभर. स्प्रिंगला मॉलिब्डेनमचं ग्रीस. शिवाय बिजागरीचा बोल्ट तपासा. नळी बंद असताना हाताने आडवी हलली तर कुठलाही छर्रा वापरा, ग्रुप येणार नाही. विकताना हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा. ४.५ मिमी आणि २० जूलच्या आतल्या एअर रायफलीला परवाना लागत नाही, तरी घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत आणि सही केलेली पावती ठेवाच.

सांगली_रेंज
पावसाळ्यासाठी: फोमच्या पेटीत महिनोन्‌महिने बंद ठेवू नका, फोम ओल धरतो. कपाटात उभी, कापडी पिशवीत, जवळ सिलिका जेल. स्प्रिंगची रायफल कॉक करून (स्प्रिंग दाबलेली) ठेवायची नाही. वाल्थरचा सिलिंडर सैल करून ठेवा, म्हणजे रेग्युलेटरवर दाब राहत नाही. हातपंपाने भरत असाल तर ओल धरणारा फिल्टर लावाच आणि सावकाश भरा. भरताना हवा तापते, थंड झाल्यावर काटा थोडा खाली येतो, ती गळती नव्हे. हवेच्या जागी ऑक्सिजन कधीही नाही, आणि भरायच्या जोडावर तेल-ग्रीस अजिबात लावायचं नाही, स्फोट होतो. विमानाने स्पर्धेला जाताना सिलिंडर रिकामा करून वेगळा ठेवा.